वास्तूच्या वाट्याचं माणूस

आमच्या घरी संडास आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर डोंगरातली माणसं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हातातला डबा येतो. संडास आहे, पक्का आहे, त्याला पत्र्याचं दार आहे. फक्त तो भलत्या ठिकाणी आहे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी, तिथे सपाट जागा म्हणून कोणाच्या बापाला मिळाली नाही. ओटीच्या खाली अंगण, अंगणाच्या खाली गोठा, आणि गोठ्याच्याही खाली संडास. मधे दगडी पायऱ्या, एकीची उंची दुसरीला नाही. धडधाकट माणसाचं निभतं.

माझी सासू त्याच पायऱ्यांवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. महाडला ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले चालायला लागतील, पण ती काही लागली नाही. भिंतीला धरून उभी राहायची, एखादं पाऊल टाकायची आणि तिथेच मटकन बसायची. नवरा एमआयडीसीत कामाला, शिफ्ट धरून पहाटेच बाहेर पडणार. मग सकाळी त्या पायऱ्यांवरून तिला काखेत धरून उतरवायची कोणी? मी. आणि वर आणायची? तीही मीच. ती माझ्या खांद्यावर सगळा भार टाकायची आणि वर शिव्याही द्यायची. "सावकाश गो, भाताची गोणी हाय काय मी?" मी म्हणायचे, "गोणी परवडली आत्याबाई, ती बोलत तरी नाही."

कोणी म्हणेल, भांडं द्यायचं खाटेपाशी. दिलं होतं. तिने ते माझ्या अंगावर फेकलं. "मी काय मरायला टेकलेय? जनावरागत जाग्यावर करू?" त्यानंतर तिने स्वतःचाच एक उपाय काढला. खायचंच नाही. संध्याकाळी भाकरीचा चतकोर, तोही अर्धा मांजरीला. पाणी ओठ ओले करण्यापुरतं. म्हणजे उतरायची वेळच येऊ नये. महाडच्या डॉक्टरांनी तिची जीभ बघितली आणि मलाच फैलावर घेतलं, "सूनबाई, यांना पाणी देत नाही का?" अस्सा संताप आला! देवाशपथ, त्या टेबलावरचा तांब्या उचलून डोक्यावर उपडा करावासा वाटला. डॉक्टरांच्याही आणि हिच्याही.

तर माझ्या डोक्यात एवढंच होतं. माजघराच्या मागे आमची पडवी आहे, लाकडं आणि मोडके पाट ठेवायची. ती बंद करायची, जरा मागे वाढवायची, एक छोटी खोली काढायची आणि तिच्यात संडास-मोरी. माजघरातून थेट दार. सासू खाटेवरून उठेल, भिंत धरून आत जाईल. डोंगर कापायला नको, काही नको. गवंड्याने बघून सांगितलं होतं की पावसाच्या आत होऊन जाईल.

मी बिरवाडीची. आमच्याकडे कारखान्यातल्या कामगारांना खोल्या भाड्याने द्यायच्या, त्यामुळे खोली काढणं म्हणजे आमच्या आळीत पापड लाटण्यातला प्रकार. शेजाऱ्याने एक काढली की आपण एक काढायची. कोणी कोणाला विचारायला जात नसे. सासरचं घर मात्र सामाईक. दोघा भावांचं. थोरले दीर मुंबईला, नोकरीतून सुटले तरी तिथेच. वर्षातून गणपतीला आणि शिमग्याला येणार, पण भिंतीत खिळा ठोकायचा तरी त्यांना विचारायचं. माझा नवरा भावासमोर तोंड उघडत नाही. माझ्यासमोर उघडतो, तेही जेवायला.

शिमग्याला ते आले. पालखी घरून गेल्यावर ओटीवर बसणं झालं, आणि मीच विषय काढला, कारण नवरा काढेल याची वाट बघितली असती तर पुढचा शिमगा आला असता. दिरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग खुर्चीत पुढे सरकून बसले.

"मी प्रॅक्टिकल बोलतोय हं, राग मानू नका. काहीही बांधायचं म्हणजे त्याचा यूज बघायला पाहिजे. आई किती दिवस वापरणार?"

नवऱ्याने सुपारी कातरायला घेतली. दीरच पुढे म्हणाले,

"म्हणजे देव करो नि शंभर वर्षं जगो. पण समजा, आता बांधली नि दिवाळीला... मग ती खोली पडूनच राहणार ना?"

मी म्हटलं, "भाऊजी, मग मी वापरेन की. मला पण गुडघे आहेत."

"तू तर फिट आहेस," असं म्हणून ते हसले. नवराही हसला. हा हसला याचा मला जास्त राग आला.

हे सगळं चाललं होतं ओटीवर, आणि सासू माजघरात खाटेवर. मधली भिंत वरपर्यंत गेलेली नाही, जुन्या घरांत जात नाही. तिच्यावरून या खोलीतला उजेड त्या खोलीत पडतो, तर बोलणं नाही जाणार? पण सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की म्हातारीला ऐकू येत नाही. तिला एका कानाने कमी येतं हे खरं. कोणत्या कानाने ते मात्र तिने आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मग माझी थोरली जाऊ बोलली. बाई तशी गोड बोलणारी. कधी आवाज चढवणार नाही, कधी उलट बोलणार नाही, आणि कापायचं तिथे बरोबर कापणार. ती म्हणाली, "मला वेगळीच भीती वाटते. वास्तू माणूस घेते."

झालं. हा आमच्याकडचा एक समज आहे. नवं घर बांधलं, जुनं वाढवलं, नुसती एक भिंत पुढे नेली, तरी वास्तू त्या घरातलं एक माणूस नेते; म्हणतात, नव्या जागेत पहिलं पाऊल टाकेल त्यालाच आधी. उघड कोणी मानत नाही आणि मनातून सगळे मानतात. जावेने तिच्या माहेरचं सांगितलं, भावाने मागे गाळा काढला आणि वर्षाच्या आत काका गेले. नवऱ्याला लगेच आठवलं की वरच्या आळीत अमक्याने ओटी वाढवली आणि त्याची चालतीबोलती बायको गेली. एरवी या माणसाला दुकानातून मीठ आणायचं आठवत नाही. मी म्हटलं, "बिरवाडीत दर वर्षी एवढ्या खोल्या उठतात. वास्तूने माणसं घ्यायचीच म्हटली असती तर बिरवाडी ओस पडली असती." तर दीर म्हणाले, "तिकडे भाडोत्री राहतात. घरातलं माणूस वेगळं." म्हणजे भाडोत्र्याला वास्तूही विचारत नाही! मी उठून भांडी घासायला गेले आणि मुद्दाम आपटून आपटून घासली. खोली नको असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूला खाली नेऊन आणलं. पायऱ्यांवर ती दोनदा बसली. वर आल्यावर चहा पुढे केला तर म्हणाली, "नको. उगाच परत उतरावं लागंल." कप तसाच ठेवून तिने तोंड भिंतीकडे केलं. तिच्याशी माझं कधी फारसं पटलं नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या हातची आमटी तिला पाणचट लागते. पण तो चहा मला ओतून टाकवला नाही, खरंच सांगते.

माजघरापलीकडच्या स्वयंपाकघरात, तशाच अर्ध्या भिंतीमागे, जाऊ पुरणपोळ्या लाटत होती, मी भाजत होते. तव्यावरची पोळी मी उलटली आणि ती हळूच म्हणाली, "मी काल पडल्या पडल्या विचार केला. बांधायची तर आत्ताच बांधू या."

मला वाटलं, बाईला दया आली.

"काय आहे," ती पोळीच्या कडा सारख्या करत म्हणाली, "आज ना उद्या ती खोली बांधावी लागणारच. आमचेही पाय थकतायत, सुट्टीत आलो की त्या पायऱ्या काही आम्हाला जमत नाहीत. आणि वास्तूला माणूस द्यायचंच असेल, तर आत्ता घरात पिकलं पान आहे. त्यांचंही सोनं होईल. नंतर बांधली तर कोणावर येईल सांग? तुझी मुलगी आहे, माझा नातू आहे."

लाटणं तसंच फिरत होतं. तिच्या कपाळावर आठी नव्हती, की आवाजात काही नव्हतं. पिशवीतली नासकी फळं आधी संपवावी म्हणतात ना, तसं तिने सासूला बाजूला काढून ठेवलं होतं.

मी पोळी करपू दिली. पण तोंडातून शब्द काढला नाही. का काढेन? मला खोली हवी होती, ती मिळत होती. कोणाच्या मनात काय आहे ते धुवून काढत बसले असते तर सासू त्या पायऱ्यांवर मेली असती. संडासाला दानत लागत नाही, सिमेंट लागतं. मी म्हटलं, "बरं."

जेवताना दिरांनी जाहीर केलं, "आपण आईसाठी खोली बांधतोय." 'आईसाठी' या शब्दावर त्यांनी असा काही जोर दिला की शेजारचे लोक दारात येऊन वाहवा करून गेले. काय मुलगे, काय नशीब म्हातारीचं! माजघरातून सासूने हाक मारली, "काय ठरलं गो?" मी सांगितलं. ती आढ्याकडे बघतच म्हणाली, "बांधा म्हणावं. लवकर बांधा."

काम सुरू झालं आणि सासूचं काय बिनसलं कोण जाणे, ती जेवायला लागली. आधी अर्धी भाकरी, मग अख्खी, मग "आणखी हाय काय गो?" पाणी मागायला लागली. दुपारी ताक मागायला लागली. मला तिला जास्त वेळा उतरवावं लागायचं, मी करवादायचे, "आत्याबाई, खोली होईपर्यंत तरी दम धरा!" तर म्हणायची, "आता कशापायी दम धरू?" महाडहून कमोड आणला तेव्हा तो अंगणातच उतरवून ठेवला होता. तिला खुर्चीतून बाहेर आणलं होतं. म्हणाली, बघू तरी कसं बसतात. बसवलं तिला, नेसत्या लुगड्यानिशी, भर अंगणात. दोन्ही हात मांड्यांवर ठेवून ताठ बसली आणि गवंड्याला म्हणाली, "काय रे, शोभते का मी?" गवंडी हसून हसून थापी हातातून पाडायच्या बेतात आला. मीही हसले. तीही हसली. तिला तसं हसताना मी फार कमी वेळा पाहिलं होतं.

मुंबईहून जावेचे फोन वाढले. आधी महिना महिना यायचा नाही, आता चार दिवसांनी. "आई कशा आहेत?" मी म्हणायचे, "झकास. दोन भाकऱ्या खाल्ल्या." तिकडून आधी "दोन?" असं यायचं. "अगंबाई. छान छान," मग ती म्हणायची. मला त्यात एक दुष्ट मजा यायला लागली होती. एकदा तर मी सांगितलं की गालावर लाली आली आहे. आली नव्हती.

पावसाच्या आत खोली उभी राहिली. गुळगुळीत नाहीत अशा लाद्या, खिडकी, प्लास्टिकचं दार, बादली-तांब्या. मी म्हटलं, आजच नेते आत्याबाईंना. तर मुंबईहून निरोप आला, कोणी आत जायचं नाही. आधी पूजा. तोवर दाराला कुलूप. आणि पूजेपर्यंतचे ते दिवस, खोली माजघराला लागून तयार असताना, मी माझ्या सासूला काखेत धरून गोठ्याच्या खाली उतरवत राहिले. कुलपाकडे बघून ती काही बोलायची नाही. मी बोलायचे, आणि जे बोलायचे ते इथे लिहिता येणार नाही.

पूजेला माणसं बरीच आली. खालच्या गावातली, वाडीतली, नाते गावाहून नवऱ्याची मामेभावंडं. सत्यनारायण झाला, आणि भटजी म्हणाले, आता घरातल्या सुवासिनीने कलश घेऊन नव्या खोलीत पहिलं पाऊल टाकायचं. मी पदर खोचला, कारण थोरली जाऊ म्हणजे मान तिचा, आणि मागून नारळ घेऊन मी जाणार, असंच व्हायला हवं होतं. तर जाऊ दोन पावलं मागे सरकली. दीर पुढे आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "पहिलं पाऊल आईचं. ही खोली तिची आहे. विधवा आहे म्हणून मान द्यायचा नाही, हे आम्ही मानत नाही."

भटजींनी क्षणभर बघितलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "वा! अशी सुधारलेली माणसं प्रत्येक घरात पाहिजेत." बायका पदराने डोळे टिपायला लागल्या. मी लग्न होऊन या घरी आले तेव्हा माझी सासू विधवा होती म्हणून मला शेजारणीने ओवाळून आत घेतलं होतं. सासू भाताच्या कणगीआडून बघत होती. त्यानंतर घरात जेवढी मंगल कार्यं झाली त्या सगळ्यांत ती तिथेच, कणगीआड. तिला पुढे बोलवायचं या दोघांना कधी सुचलं नव्हतं. आज सुचलं होतं, आणि का सुचलं होतं ते त्या गर्दीत फक्त आम्हा तिघाचौघांना माहीत होतं.

मी सासूला उठवलं. तिला नवं लुगडं नेसवलं होतं. काखेत हात घालून दारापर्यंत आणलं. दीर मोबाइल धरून उभे राहिले, व्हिडिओ काढायला. "आई, इकडे बघ. जरा हस."

जाऊ माझ्या कानाशी आली. "तू सोड. तू मागून ये."

"पडतील त्या."

"भिंत आहे ना धरायला. आधी त्यांचं एकटीचं पाऊल पडू दे."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो खाली लाद्यांकडे बघत होता, जणू आयुष्यात पहिल्यांदाच लादी बघतोय. माझा हात कोणी सोडवला ते मला कळलं नाही, पण सुटला, आणि त्यात जावेने कलश दिला. सासू एकटीच उभी राहिली. चौकट धरली, पाय उचलायला गेली, आणि उंबऱ्यातच बसली. मटकन. लोकांमधून हूं असा आवाज आला. कोणी पुढे आलं नाही. दिरांचा मोबाइल तसाच. "सावकाश आई. सावकाश. नो प्रॉब्लेम."

आणि तिने हात टेकले आणि बसल्या बसल्या सरकायला लागली. एवढ्या माणसांसमोर, नव्या लुगड्यात, ढुंगणावर. लुगडं उंबऱ्याच्या कडेला अडकलं, ते तिने ओढून सोडवलं. मुलगे उभे. माझं डोकं फिरलं. गेली खड्ड्यात यांची वास्तू! मी कलश टाकला तो टाकलाच, पुढे झाले आणि मागून तिच्या काखांत हात घातले. तिला उचलायचं आणि दोघींनी मिळून आत जायचं, बघू कोणाला नेते ती. माझा एक पाय उंबऱ्यावर पडला होता.

तिने कोपर मारलं. माझ्या छातीत, असं की कळ डोक्यात गेली. "हात लावू नको मला! सर मागं!" केवढ्याने ओरडली. मागून कोणीतरी बाई म्हणालीच, एवढं करते सून, तरी बघा म्हातारीची मस्ती. मी वाकलेलीच होते. तिने माझा पदर धरून मला खाली ओढलं, तिचं तोंड माझ्या कानाला लागलं, आणि हळू आवाजात, मी लग्न होऊन आल्यापासून एकदाही माझ्याशी बोलली नव्हती तशा आवाजात ती म्हणाली, "तुला पोर हाय गो. तू नको येऊ. मी जाते ना."

मग तिने मला ढकललं. मी मागच्या माणसांवर पडले.

ऐकलं होतं तिने. ओटीवरचं, पुरणपोळ्यांवरचं, सगळं ऐकलं होतं, आणि त्यावर दोन दोन भाकऱ्या खाऊन बसली होती. मी उठेपर्यंत ती आत पोचली होती. कमोडला धरून उठली, वळली, आणि दारातल्या माणसांकडे एकवार बघितलं. थोरल्याकडे, धाकट्याकडे, थोरल्या सुनेकडे. मग हात लांब करून दार लोटलं. कडी लागल्याचा आवाज आला.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. भटजी घंटा हातात धरून उभे. दिरांनी मोबाइल खाली केला आणि दारावर बोटं वाजवली. "आई? आई, आरती राहिलीय. दार उघड."

आतून ती खणखणीत आवाजात म्हणाली, "थांबा भायेर. मी हाय आत."